लाइन दे

आमच्या घरात मराठीच्या खालोखाल जी भाषा बोलली जायची ती इंग्रजी. फक्त त्या इंग्रजीत शब्द एकच होता: लाइन. बाकीची इंग्रजी निजामाच्या मुलखातून आमच्यापर्यंत पोचता पोचता वाटेतच संपली असावी. हा एकटा शब्द पोचला, आणि घरातल्या एकट्या कमावत्या माणसाला राबवावं तसं आम्ही त्याला राबवून घेतलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, वीज खात्यात लाइनमन होते. त्यांच्या तोंडी लाइन म्हणजे वीज. 'वीज' हा शब्द त्यांच्या मते आभाळात चमकणारीसाठी राखून ठेवलेला होता, आणि त्या वर्षी आभाळात तीही चमकत नव्हती. तारेतून येते ती लाइन. लाइन आली, लाइन गेली, लाइन कमी हाय, लाइनीला हात लावशील तर कोळसा होशील. मायच्या तोंडी लाइन म्हणजे नळापुढची घागरींची रांग. नळाला जमिनीखालून येणारा पाइप हीसुद्धा तिची लाइनच. त्यामुळे "लाइनीला पाणी नव्हतं तरी लाइनीत उभी होते, मग लाइन फुटली म्हणून लाइन मोडली" हे वाक्य ती दम न घेता बोलायची आणि आम्हा सगळ्यांना ते लख्ख कळायचं. आज माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तिला हे वाक्य सांगितलं तर ती माझ्याकडे दवाखान्यात न्यायच्या नजरेनं बघते.

राहायलाही आम्ही लाइनीतच होतो. वीज खात्याच्या क्वार्टरची ती दुसरी लाइन, एका ओळीत बारा घरं, वर पत्रे, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की पहिल्या घरात फोडणी पडली की बाराव्या घराला ठसका लागायचा. नांदेडहून आमची बदली इथं लातूरला झाली, त्याला कारण नवा जिल्हा. नव्या जिल्ह्याला कलेक्टर लागतो, कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना पाट्या लागतात, आणि अंधारातच बसायचं असलं तरी लाइनमन लागतोच. जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले गेले म्हणे. पेढे खाऊन झाल्यावर कुणीतरी पाणी मागितलं, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आम्ही पोचलो तेव्हाही ते बघणं चालूच होतं. पाऊस नव्हता, नळ चार दिवसांतून एकदा यायचा, आणि तो येणार या बातमीलाच पाणी समजायची लोकांना सवय झाली होती. पुढारी मात्र मागे हटले नव्हते. लातूरला रेल्वेची छोटी लाइन आहे, ती जाऊन मोठी लाइन येईल, असं ते दर सभेत सांगायचे. समोर घागरी घेऊन बसलेल्या बाया टाळ्या वाजवायच्या, कारण मोठी लाइन म्हणजे जाड पाइप असं त्या समजत होत्या.

त्या उन्हाळ्यातल्या आमच्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. सकाळी अप्पा पक्कड, पाने, रबरी हातमोजे पिशवीत भरायचे तो खणखणाट, मायच्या भाकरी थापण्याची ठपठप, आणि शेजारच्या घरांतून एकदम उठणारा "गेली!" हा समूहस्वर. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा. आमटी दिवसेंदिवस घट्ट होत गेली. पाहुण्यांना वाटायचं, काय सढळ हाताची बाई आहे. खरी गोष्ट अशी होती की पातळ करायला पाणीच नव्हतं. ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायची, आणि आंघोळ खाटेवर बसून, खाली घमेलं ठेवून. घमेल्यातल्या पाण्याला मग पुढे कपडे, फरशी आणि शेवटी दारातला कढीपत्ता अशी तीन बढत्या मिळायच्या. सरकारी नोकरीत इतक्या भराभर बढती फक्त त्या पाण्यालाच मिळाली. अप्पा वीस वर्षं लाइनमनच होते.

आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरात देव नव्हते. जिथं इतरांच्या घरी देव्हारा असतो त्या फळीवर आमच्याकडे दाखले, मार्कशीट आणि कोरे फॉर्म ठेवलेले असत, आणि त्यांना विटाळ होऊ नये याची काळजी मात्र देवाइतकीच घेतली जाई. त्या उन्हाळ्यात फळीवर एक फार मोठा फॉर्म होता. माझी ताई, सुनंदा, बारावीला सायन्स लाइननं पास झाली होती. आमच्या सगळ्या नातेवाइकांत सायन्स लाइनला गेलेली ती पहिली. आणि आता तिला इलेक्ट्रिकल लाइनला जायचं होतं, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. फॉर्मवर अप्पांची सही तेवढी राहिली होती. उद्याची शेवटची तारीख होती, आणि सकाळच्या एसटीनं ताई आणि अप्पा नांदेडला जायचे होते. सही संध्याकाळी करायची असं अप्पांनी ठरवलं होतं. दिवसभर तारांना हात लावून काळे झालेले हात घासून, स्वच्छ करून, मग. फॉर्मवर डाग पडायला नको.

आणि घरात आत्या होती. अप्पांच्या पाठची बहीण, हिमायतनगरकडची. तिकडे पाणी नाही म्हणून ती आमच्याकडे आठ दिवसांसाठी आली होती. इथंही पाणी नाही हे पहिल्याच दिवशी कळलं, पण आता आलेच आहे तर सुनंदाचं लग्न जमवून जाते म्हणाली. तिच्याकडे स्थळ तयार होतं. "पोरगा लई गुणाचा हाय वयनी. ट्रक लाइनला हाय," ती मायला रोज सांगायची. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण 'लाइन' या शब्दाचा एक अर्थ तिला एसटी स्टँडवर बसून चांगला पाठ झाला होता: पोरं मारतात ती लाइन, आणि पोरी देतात तीही लाइन. जगात हा शब्द दुसऱ्या कशासाठी वापरला जात असेल यावर तिचा विश्वास नव्हता. ट्रक तेवढे अपवाद.

त्या दिवशी सकाळी नळाची आवई उठली आणि सगळी क्वार्टर्स घागरी घेऊन पळाली. दारं सताड उघडी. अर्थात नळ आला नाही. आम्ही उन्हं डोक्यावर आल्यावर रिकामे परतलो, ताई तिकडूनच मैत्रिणीकडे गेली, आणि आत्या ताईच्या खाटेवरची गादी झटकायला लागली. झटकताना फिजिक्सचं पुस्तक खाली पडलं आणि पुस्तकातून एक चिठ्ठी.

"बेबे, इकडं ये. काय लिवलंय वाच," आत्या म्हणाली.

बेबी म्हणजे मी. वय अकरा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राणी झाले होते, आणि तेव्हापासून मला कुणी काही वाचायला दिलं की मी ते साधं वाचत नसे. किराण्याची यादीसुद्धा मी अशी वाचायची की ऐकणाऱ्याला तूरडाळीची दया यावी. मी चिठ्ठी हातात घेतली, पदर नव्हता तरी सावरला, आणि कंप सुटलेल्या आवाजात वाचलं: "दुपारी तीन वाजता लाइन दे. मी विहिरीपाशी तुझी वाट पाहतो." खाली फक्त 'रा.' एवढंच.

आता इतक्या वर्षांनी कबूल करते. त्या चिठ्ठीत 'तुझी' हा शब्द नव्हता. 'मी विहिरीपाशी वाट पाहतो' एवढंच होतं. पण ते वाक्य मला उघडं-बोडकं वाटलं. राणीच्या तोंडी शोभेना. म्हणून मी त्याला एक शब्द नेसवला.

आत्यानं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचली. चुलीपुढं बसलेल्या मायला ती म्हणाली, "वयनी, ऐकलंत? तुमची लेक लाइन देऊन राहिली."

"मग काय झालं?" माय म्हणाली. "मी बी परवा दिली. त्या पाचव्या घरातलीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, म्हणलं जा बाई तू पुढं."

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं की अख्खं घराणंच बुडालेलं तिला दिसलं असावं. नळाच्या रांगेतली आपली जागा दुसरीला देणं यालाही लाइन देणंच म्हणतात, हे तिला समजावायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी कशाला समजावते? माझं नाटक रंगत होतं. तेवढ्यात ताई आली.

"सुने, खरं सांग," आत्या दारातच म्हणाली. "तू लाइन देऊन राहिलीस का?"

ताईचा चेहरा खाडकन उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना. दिली का न्हाई?"

"दिली," ताई खाली मान घालून म्हणाली. "पण रोज नाही. कुणी अगदीच अडलं तर."

"अडलं तर! कितीकांना?"

"मागच्या आठवड्यात तीन घरांना."

आत्या मटकन खाली बसली. "तीन घरं! अन् त्या घरच्यांना माहीत हाय?"

"त्यांनीच बोलावलं होतं. शेवटच्या घरातल्या आजोबांनी तर नंतर चहा पाजला."

"आजोबा!" आत्यानं कपाळावर हात मारला.

"आत्या, पाया पडते, अप्पांना सांगू नका. ते म्हणतात, एक दिवस हात भाजून घेशील."

"हात न्हाई बाई," आत्या म्हणाली, "तोंड भाजलं आमचं."

ताई आपली फ्यूजबद्दल बोलत होती. अप्पा कामावर असताना शेजाऱ्यांची लाइन गेली की ती गुपचूप जाऊन फ्यूज बांधून यायची. अप्पांनी तिला सक्त मनाई केली होती, म्हणून ती घाबरलेली. आत्यानं कनवटीची चिठ्ठी काढून नाचवली तेव्हा कुठं ताईला उलगडा झाला, आणि ती ओरडली, "मी फ्यूजचं सांगत होते! ही चिठ्ठी मी बघितलीपण नाही!" पण एकदा कबुली दिलेली बाई दुसऱ्यांदा खरं बोलते हे कुणाला पटायचं? "आता इषय बदलू नको," आत्या म्हणाली.

अप्पा दुपारी जेवायला आले. आत्यानं त्यांना पाण्याचा तांब्याही हातात घेऊ दिला नाही. तांब्यात पाणी नव्हतंच, पण रीत म्हणून. "दादा, तुम्ही खांबावर चढून बसता अन् खाली हे चालू हाय," असं म्हणून तिनं चिठ्ठी पुढे केली. अप्पांनी ती हातात घेतली नाही. लेकीला आलेली तसली चिठ्ठी बाप कसा वाचणार? ते भिंतीकडे बघत मला म्हणाले, "तू वाच."

मला संधी होती. एक शब्द गाळला असता तर माझ्याकडून तरी प्रकरण निम्मं झालं असतं. पण आत्याला ते वाक्य तोपर्यंत तोंडपाठ झालं होतं, माझे ओठ हलायच्या आधी तिचे हलत होते. मी 'तुझी'सकट वाचलं. आवाजात कंप या वेळीही होता, फक्त या वेळी मी तो काढला नव्हता.

विचार करा. वीस वर्षं ज्या माणसानं दिवसातून पन्नास वेळा 'लाइन दे', 'लाइन दिली', 'लाइन देतो' याखेरीज काही म्हटलं नाही, लातूर जिल्ह्यात या दोन शब्दांचा ज्याच्याइतका अधिकारी जाणकार दुसरा नव्हता, तो माणूस घरात आला, चपला काढल्या, आणि त्या दोन शब्दांचा फक्त एसटी स्टँडवरचा अर्थ त्याच्या ध्यानात आला. चपलांबरोबर त्यानं नोकरीही बाहेर काढून ठेवली होती. ते फळीपाशी गेले. मोठा फॉर्म उचलला, बघितला, आणि सगळ्या कागदांच्या तळाशी सारला.

"फॉर्म राहू दे," ते म्हणाले.

"अप्पा, उद्याची शेवटची तारीख आहे."

"राहू दे म्हणलं ना."

ताई रडली नाही. तिनं फिजिक्सचं पुस्तक उचललं, झटकलं आणि खाटेवर ठेवलं. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण आत्या तेवढ्यात म्हणाली, "तीन वाजायला आले. चला, समोरासमोरच होऊ द्या," आणि अप्पांनी पुन्हा चपला घातल्या.

कुठली विहीर हे विचारायची गरज नव्हती. त्या वर्षी आमच्या बाजूला पाणी असलेली विहीर एकच, औशाच्या रस्त्यावर रावसाहेबांच्या मळ्यात. रावसाहेब म्हणजे तिथले मोठे जमीनदार. सरकारनं त्यांची विहीर शहराला पाणी द्यायला ताब्यात घेतली होती. आमची वरात निघाली. पुढं अप्पा, हातात हत्यारांची पिशवी, कारण ती त्यांच्या हाताला चिकटलेलीच असायची, मागं ताईचं मनगट धरलेली आत्या, शेवटी मी. बाराही घरांच्या दारांत माणसं उभी होती. पातळ भिंतींमुळे त्यांना काही सांगावं लागलं नाही. ताई मागून अप्पांना फ्यूजचंच सांगत होती, पण अप्पा वळून बघत नव्हते.

विहिरीपाशी टँकर उभा होता, रिकामा. त्याच्या मागे रस्त्यापर्यंत बायांची रांग, घागरी उपड्या. लिंबाखाली बाजेवर रावसाहेब बसलेले, साठीचे, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. अप्पांनी लिंबाच्या मागे बघितलं, टँकरखाली बघितलं. तरणा पोरगा काही कुठं दिसेना.

"काय रे," रावसाहेब गरजले, "किती वाट बघायची तुझी?"

 'तुझी' आलाच शेवटी, आणि मी न घालता.

"रावसाहेब, हितं कुणी पोरगा आला होता का?" अप्पांनी विचारलं.

"कसला पोरगा? तीनचा टाइम म्या दिला, म्या आलो."

"ह्या वयात!" आत्या पुटपुटली. तिचं पुटपुटणं रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू गेलं.

"चिठ्ठी तुम्ही लिहिली?" अप्पा म्हणाले.

"मग काय माझ्या बैलानं? नवी मोटार बसवलीय, तिला लाइन पायजे. तुमच्या हापिसाच्या फोनची लाइन बंद. म्हणून सकाळी तुझ्या घरी गेलो, तर दार उघडं अन् आत चिटपाखरू न्हाई. खाटेवर पुस्तक व्हतं, त्यात घातली चिठ्ठी. तू आपला आत्ता उगवलास, अन् हे काय, सगळं खटलं घेऊन आलास?"

अप्पांनी हात मागे केला. आत्यानं मुकाट्यानं चिठ्ठी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलगडली आणि पहिल्यांदा स्वतः वाचली. मग माझ्याकडे वळले. "बेबे, यात 'तुझी' कुठंय?"

"वाचताना आलं," मी म्हणाले.

"कुठनं आलं?"

"तोंडातनं."

ताईनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेचा हिशेब मी आजवर चुकवते आहे. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला पहिला फोन माझा असतो.  अप्पा मात्र चिठ्ठीच बघत राहिले. आता मला वाटतं, त्यांना माझा जास्तीचा शब्द दिसत नव्हता, रावसाहेबांचा कमी पडलेला दिसत होता. 'दे.' आमच्या घरात अप्पांना 'दे' म्हणणारं कुणी नव्हतं. माय 'अहो' म्हणायची, आत्या 'दादा, तुम्ही'. म्हणूनच ती चिठ्ठी अप्पांची असेल असं आमच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. सरकारी माणसाला कुणी लिहील तर 'द्या' लिहील, 'दे' आहे म्हणजे पोरीला असणार, एवढं साधं व्याकरण होतं आमचं. रावसाहेब कलेक्टर कचेरीतल्या शिपायालाही 'अहो' म्हणत. अप्पांना 'अरे' म्हणताना त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. अपमान करायलाही आधी ध्यानात घ्यावं लागतं माणसाला.

रांगेतून बाया ओरडायला लागल्या, "ओ लाइनमन, चिठ्ठ्या काय वाचता, लाइन द्या की!" अप्पा भानावर आले. रस्त्याच्या कडेला डीपीचा, म्हणजे लाइन चालू-बंद करायच्या पेटीचा खांब होता. त्यांनी वर बघितलं, तारा बघितल्या, सगळं नीट तपासलं. मग पिशवीतून रबरी हातमोजे काढले आणि ताईपुढे धरले.

"घाल," ते म्हणाले. "अन् फ्यूजला हात लावायचा तर हे घालून. मला न विचारता न्हाई."

ताईनं हातमोजे चढवले. तिच्या हाताला ते कोपरापर्यंत आले. अप्पा तिच्या मागे उभे राहिले. "दे लाइन," ते म्हणाले, आणि तिनं दोन्ही हातांनी हँडल वर ढकललं. मोटार एकदा घुरघुरली, खोकली आणि चालू झाली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ लाल पाणी, मग पाणी. आत्या ते बघत म्हणाली, "हिला म्हणतात व्हय लाइन देणं," आणि पुढच्या क्षणी रांगेत घुसून कुणाची तरी घागर उसनी मागायला लागली.

रावसाहेब खूश झाले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरीला काम शिकवून राहिलास की रे."

"मी न्हाई," अप्पा म्हणाले. "तिला उद्या नांदेडला घेऊन चाललो. विष्णुपुरीला. इंजिनिअर व्हायला." ताईनं मान वर केली नाही, हातमोजे मात्र काढायची थांबली. अप्पांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती रावसाहेबांच्या हातात परत दिली. "अन् रावसाहेब, पुढच्या टायमाला 'द्या' लिहीत जा. 'दे' लिहिलं की चिठ्ठी पोरीची होते. 'द्या' लिहिलं की मला मिळते."

रावसाहेब हसायला लागले. मग अप्पा हसत नाहीत हे त्यांना दिसलं. अप्पांनी आवाज चढवला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खालीच होता. मोटारीच्या आवाजात तो रावसाहेबांपर्यंत पोचला की नाही, अशी मला शंका होती.

पुढची चिठ्ठी महिना-दीड महिन्यानं आली. ताई तेव्हा विष्णुपुरीला होती. चिठ्ठी रावसाहेबांच्या गड्यानं आणली, आणि अजून आमच्याकडेच असलेल्या आत्यानं ती माझ्या हाताला लागू न देता थेट अप्पांकडे दिली. अप्पा जेवत होते. डावा हात धोतराला पुसून त्यांनी ती उघडली आणि मोठ्यानं वाचली, "दुपारी तीन वाजता लाइन द्या." मग पुन्हा एकदा वाचली. मायनं विचारलं, भाकरी वाढू का. ते म्हणाले, थांब जरा, आणि तिसऱ्यांदा वाचली.